कोड तोच, डबा तोच, तरी टाकीशेजारी पार्ट वेगळा का दिसतो?

मोटरसायकलच्या सीटमागे बसणारा फायबरचा नवा काऊल, म्हणजे मागचं कवच. टाकीखालच्या स्टिकरवरचा कोड देऊन रंग आणला, पुट्टी-प्रायमर नीट केलं, तीन हात रंग मारला, दोन हात क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. रात्री ट्यूबलाइटखाली काऊल गाडीवर बसवून पाहिला. टाकी कुठे संपते आणि काऊल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. सकाळी गाडी उन्हात काढली तर टाकी लाल आणि काऊल विटकरी. पुन्हा आत घेतली, पुन्हा दोन्ही सारखे. हा प्रकार मी स्वतः भोगलाय, आणि दुसऱ्यांच्या गाड्यांवर इतक्यांदा पाहिलाय की समोरचा ‘अहो, कोड तोच होता’ म्हणाला की पुढचं वाक्य मला पाठ असतं.

पुढचं वाक्य असं: ‘मग मी जाऊन थोडा लाल वाढवून घेतला.’ आणि तिथेच काम हाताबाहेर जातं. लाल वाढवला की उन्हात बरं दिसतं, ट्यूबखाली बिघडतं. मग थोडा काळा, मग थोडी चांदी. चार फेऱ्यांनंतर डब्यात जे काही उरतं त्याला कुठलाच कोड लागू होत नाही, आणि पुढच्या पार्टला तो रंग पुन्हा बनवताही येत नाही. म्हणून डब्यातल्या रंगाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. त्याआधी उजेड, जुना रंग, खालचा थर, फवारणीची गन आणि क्लिअर हे एकेक करून तपासायचं. मी हात घातलेल्या बहुतेक कामांत चोर या पाचांतच सापडला. डब्यात तो क्वचितच होता.

आधी लक्षण नीट बघा

‘जुळत नाही’ हे लक्षण नाही, ती तक्रार झाली. लक्षण बघायचं तर गाडी तीन उजेडांत बघावी लागते: थेट उन्हात, मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत, आणि आत दिव्याखाली. प्रत्येक ठिकाणी एकदा समोरून आणि एकदा अगदी तिरकं, म्हणजे डोळा जवळजवळ पत्र्याच्या पातळीला आणून. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यातून तीन वेगळे आजार वेगळे पडतात.

एका उजेडात जुळतं आणि दुसऱ्यात फाटतं, असं असेल तर दोन्ही रंगांत रंगद्रव्यंच वेगळी आहेत. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या. त्यामुळे दोन अगदी वेगळ्या मिश्रणांतून येणारा प्रकाशही त्या तिघींना एकसारखा वाटू शकतो. ट्यूबलाइटचा उजेड पांढरा दिसतो खरा, पण त्यातली बरीचशी ताकद मोजक्या अरुंद पट्ट्यांत एकवटलेली असते. उन्हात सगळा पट्टा भरलेला असतो. ट्यूबखाली लपलेला फरक म्हणूनच उन्हात उघडा पडतो. याला मेटामेरिझम म्हणतात. हा आजार लाल-काळं वाढवून बरा होत नाही. त्याला वेगळा फॉर्म्युला, म्हणजे वेगळी द्रव्यंच लागतात. माझ्या काऊलचं दुखणं हेच होतं.

तिन्ही उजेडांत फरक तोच आणि त्याच दिशेचा दिसत असेल, समजा पार्ट सगळीकडेच पिवळट वाटत असेल, तर तो साधा छटेचा फरक आहे. हा दुरुस्त होतो.

समोरून जुळतं पण तिरकं पाहिलं की एक पार्ट उजळ आणि दुसरा काळवंडलेला, किंवा उलट, असं असेल तर डब्याला दोष देऊ नका. चमकीचे दाणे कसे बसले त्याचा तो प्रश्न आहे, आणि दाणे बसवते ती गन.

बघतानाच्या काही गोष्टी, ज्यांवर लोक हसतात आणि नंतर स्वतःच करतात. भडक शर्ट घालून रंग जुळवू नका. क्लिअरवर शर्टाची झाक पडते. लाल रंगाकडे मिनिटभर टक लावून पाहिलं की डोळा लालाला बधिर होतो, मग प्रत्येक नमुना हिरवट वाटायला लागतो. मध्ये मध्ये राखाडी भिंतीकडे किंवा जमिनीकडे बघा; पहिल्या दोन-तीन सेकंदांत जो फरक दिसतो तोच खरा धरा. आणि फोनवर फोटो काढून ‘बघा किती फरक आहे’ म्हणू नका. फोन प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा तोल स्वतःच्या मनाने बदलतो. मला असे फोटो येतात, मी रंगाबद्दल त्यावरून काहीच सांगत नाही.

कोड काय सांगतो

कोड सीटखाली, फ्रेमवरच्या पट्टीवर, टाकीच्या पोटाखाली किंवा मॅन्युअलमध्ये सापडतो. कंपनीगणिक जागा बदलते. दोन रंगांची गाडी असेल तर दोन कोड असू शकतात, आणि कधी तिथे दिसतो तो नुसता रंगसंगतीचा क्रमांक असतो, रंगाचा नव्हे. हे आधी पक्कं करा.

हा कोड म्हणजे कंपनीने ठरवलेला मूळ नमुना. त्यावरून रंग बनवणारी प्रत्येक पेंट कंपनी आपल्या घरच्या टिंटरांनी, म्हणजे मिसळायच्या मूळ रंगांनी, आपला फॉर्म्युला काढते. कारखान्यात मात्र तोच रंग वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या प्लांटांत, वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आलेल्या मालाने मारला जातो आणि हळूहळू सरकतो. म्हणून एका कोडखाली मूळ शेडबरोबर आणखी शेड निघतात: थोडी पिवळट, थोडी निळसर, थोडी गडद, दाणा जाड असलेली. याला मिक्सिंगवाले व्हेरियंट म्हणतात. माझ्या काऊलच्या वेळी काउंटरवरच्या माणसाने पहिला फॉर्म्युला काढून दिला आणि खाली आणखी तीन व्हेरियंट आहेत हे सांगितलंच नाही. मीही विचारलं नव्हतं. आता मी टाकीची टोपी काढता येत असेल तर टोपी, नाहीतर एखादा छोटा साइड पॅनल सोडवून सोबत नेतो, आणि आभाळाच्या उजेडात उभं राहून व्हेरियंटच्या पट्ट्या त्याला लावून बघतो. दुकानाच्या आत नाही.

जुन्या गाड्यांचं आणखी एक दुखणं आहे. पूर्वीच्या कित्येक पिवळ्या, भगव्या, लाल रंगांत शिशाची क्रोमेट द्रव्यं असायची. ती विषारी म्हणून हटवली गेली. त्यांच्या जागी आलेली द्रव्यं डोळ्याला तीच छटा देतात, पण प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परतवतात, शिवाय झाकतातही कमी. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा पिवळा आजच्या टिंटरांनी एका उजेडात हुबेहूब जुळतो आणि दुसऱ्यात सुटतो, यात मिक्सिंगवाल्याचा दोष नसतो.

आणखी एक गोष्ट, जी कळल्यावर मला बरंच हलकं वाटलं होतं: कारखान्यातून नवी आलेली गाडीसुद्धा स्वतःशी पूर्ण जुळत नाही. पत्र्याची टाकी साधारण १३० ते १५० अंश सेल्सिअसला भाजून रंगवतात. साइड पॅनल आणि काऊल एबीएस प्लास्टिकचे असतील तर शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतात, म्हणून त्यांना ८० अंशांच्या जवळपास सुकणारा वेगळा रंग लागतो. रंग वेगळा, लाइन वेगळी, बहुतेकदा मारणाराही वेगळा. मेटॅलिक गाडी शोरूमबाहेर उन्हात उभी असताना टाकी आणि साइड पॅनल तिरकं बघा, फरक दिसेल. तेव्हा आपला पार्ट ‘गाडीशी’ जुळवायचा असं काही नसतं. जो भाग त्याला खेटून बसणार आहे त्याच्याशी जुळवायचा. टाकी आणि शेपटीच्या मध्ये बसणारा पार्ट असेल तर दोघांच्या मधली छटा धरा, दोन्हीकडे खपून जाते.

जुना रंग धुऊन-पुसून मगच नमुना

टाकीवरचा रंग म्हणजे वर मेण, धूळ, ओरखडे आणि उन्हाने मेलेला थर. त्याच्याशी जुळवलेला नवा रंग टाकीला पॉलिश लागलं की त्याच दिवशी वेगळा दिसतो. ज्या ठिकाणी पार्ट खेटणार तिथला वीतभर भाग बारीक कंपाउंडने घासून चमकवा आणि त्यालाच नमुना माना. सीटखालचा किंवा बॅजखालचा ताजा रंग नमुना म्हणून घेऊ नका. तो कारखान्याचा रंग आहे, तुमच्या आजच्या गाडीचा नाही. लाल आणि पिवळे उन्हात जास्त उतरतात. बॅज काढल्यावर खाली राहिलेला गडद ठसा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

खालचा थर

इथे मी एक काम अक्षरशः तीनदा केलंय. फायबरच्या एका काऊलला अर्ध्यात जुना काळा जेलकोट (फायबरचा वरचा रंगीत थर) होता, मध्ये पुट्टीचा पट्टा, आणि वर घासताना प्रायमर कुठे राहिला कुठे उडाला. रंग होता भडक लाल. तीन हात मारल्यावर आत सगळं एकसारखं दिसलं, क्लिअर चढवलं. बाहेर काढलं तर काऊलवर नकाशा: काळ्याच्या वर गडद लाल, पुट्टीच्या वर नारिंगीकडे झुकलेला. मला वाटलं रंग नीट ढवळला नव्हता. घासून पुन्हा मारला, पुन्हा नकाशा. तिसऱ्यांदा सगळा काऊल एकाच राखाडी प्रायमरने बंद केला आणि त्याच डब्यातला तोच रंग मारला. नकाशा गेला, आणि टाकीशी जी तूट होती तीही बरीचशी गेली. म्हणजे एवढे दिवस मी ज्याला शेडचा फरक म्हणत होतो तो खालून डोकावणारा काळा होता.

लाल, पिवळा, नारिंगी, पोपटी आणि मोतिया पांढरा हे झाकायला दुबळे रंग. कावासाकीची पोपटी छटा १९६९ पासून रेसच्या गाड्यांवर आहे आणि ज्याने कोणी ती काळ्या प्लास्टिकवर थेट मारून पाहिली असेल त्याला ती किती हात पिते ते माहीत असेल. चांगल्या पेंट सिस्टिमच्या फॉर्म्युल्यात प्रायमरचा राखाडी कितपत फिका किंवा गडद हवा ते दिलेलं असतं. ती ओळ लोक वाचत नाहीत. वाचा. आणि रंग खरंच झाकला का हे डोळ्याने ठरवू नका. काळ्या-पांढऱ्या चौकटींचं छोटं स्टिकर पार्टशेजारी चिकटवून त्याच्यावरून गन फिरवा. चौकटी बुडेपर्यंत हात संपलेले नाहीत. स्टिकर नसेल तर पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगात काळ्या मार्करने पट्टा ओढून आणि वरून क्लिअर मारून काम भागतं. क्लिअर नाही मारलं तर मार्करची शाई रंगातून वर येते.

प्लास्टिकवर प्रायमरच्या आधी अ‍ॅडहेजन प्रमोटर (रंगाला पकड देणारा थर) लागतो, विशेषतः पॉलीप्रॉपिलीनवर. त्याने छटा बदलत नाही, पण रंग पापुद्र्याने निघाला तर छटेचं काय घेऊन बसायचं?

मेटॅलिक असेल तर गन तपासा

मेटॅलिकमधली चमकी म्हणजे ॲल्युमिनियमचे बारीक चपटे दाणे. ते पाण्यावरच्या पानांसारखे आडवे, सपाट बसले की समोरून रंग उजळ दिसतो; वेडेवाकडे बसले किंवा बुडाले की समोरून गडद. डबा एकच असून एका माणसाच्या हातून उजळ आणि दुसऱ्याच्या हातून गडद निघतो तो याच कारणाने. नियम सोपा आहे: सुका मारला की उजळ, ओला मारला की गडद. सुका म्हणजे हवेचा दाब जास्त, गन लांब, हात वेगात, थिनर झटकन उडणारा, दोन हातांमध्ये वेळ जास्त. ओला म्हणजे याच्या उलट. कारखान्यात फिरत्या कपाच्या यंत्रातून, रंगाला विद्युतभार देऊन मारतात, त्यामुळे तिथले दाणे जसे बसतात तसे हातातल्या गनने आपसूक बसत नाहीत. ती जागा आपल्याला मारण्याच्या पद्धतीने भरून काढावी लागते.

व्यवहारात मी असं करतो. झाकेपर्यंत मध्यम ओले हात, दरवेळी चमक मरून पृष्ठभाग पूर्ण मॅट होईपर्यंत थांबणं, आणि शेवटी एक हलका हात: दाब कमी, गन नेहमीपेक्षा साधारण दीडपट लांब, अंगावर धुकं पडावं इतपत. याला ड्रॉप कोट म्हणतात. ढगासारखे पट्टे याने मोडतात आणि दाणे एकसारखे बसतात. हा हात थोडा जास्त-कमी करून समोरची छटा बऱ्यापैकी उजळ-गडद सरकवता येते, डब्याला न शिवता.

पार्ट गाडीवर ज्या स्थितीत बसतो त्याच स्थितीत टांगून रंगवा. मडगार्ड आडवं ठेवून आणि साइड पॅनल उभं टांगून मारलं की ओलेपणा वेगळा पडतो. मी एकदा टाकीचे दोन्ही साइड पॅनल टेबलावर पालथे ठेवून मारले होते. ते एकमेकांशी जुळले, टाकीशी नाही.

स्प्रे कॅन वापरत असाल तर दाब तुमच्या हातात नाही, अंतर आणि वेग तेवढा आहे. आतल्या गोळीचा आवाज सुटा झाल्यावर पुढे दोन मिनिटं हलवा, कारण दाणे तळाला बसलेले असतात. कॅन वापरता वापरता गार पडतो आणि फवारा थुंकायला लागतो. कोमट पाण्यात थोडा वेळ धरा. कोमट म्हणजे हाताला सहन होईल एवढंच. आच लावायची नाही.

कार्ड मारल्याशिवाय पार्टला हात नाही

हे मी आता कुठल्याही कामात टाळत नाही, घाई असली तरी. पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, त्यावर पार्टवर मारणार तोच प्रायमर. सुकल्यावर मास्किंग टेपने चार पट्टे पाडायचे. पहिला हात सगळ्यावर. मग एक पट्टा झाकून दुसरा, दोन झाकून तिसरा, तीन झाकून चौथा. टेप काढल्यावर एक ते चार हातांची शिडी तयार. त्या शिडीवर आडवा अर्धा भाग झाकून उरलेल्या अर्ध्यावर क्लिअर.

क्लिअरशिवायचा बेस, म्हणजे नुसता रंगाचा थर, निर्जीव आणि बहुतेक वेळा फिका दिसतो. त्याच्यावरून निकाल देणं म्हणजे फसवणूक. घाईत अंदाज हवा असेल तर सुकलेल्या बेसवर पाण्याचा हात फिरवून बघता येतं, पण तो अंदाजच. डब्यातला ओला रंग काडीवर काढून टाकीला लावून बघणारे तर निव्वळ वेळ घालवतात.

कार्डाच्या मागे लिहायचं: फॉर्म्युला आणि व्हेरियंट, थिनर किती आणि कुठला, गनचं नोझल, दाब, किती हात, मध्ये किती वेळ. मग कार्ड टाकीवर ज्या ठिकाणी पार्ट खेटणार तिथे, त्याच कोनात टेकवायचं. टाकी गोल असते, कार्ड सपाट. म्हणून टाकीच्या त्यातल्या त्यात सपाट बाजूला धरा, नाहीतर गोलाईवरची सावली छटेचा फरक वाटते. आणि कार्ड टेकलेलं हवं. मध्ये बोटभर फट राहिली की डोळा बराच फरक माफ करतो. हे पुढे उपयोगी पडणार आहे, पण तपासणी करताना नको.

कँडी आणि मोतिया: इथे नियम बदलतात

१९६९ ची होंडा सीबी ७५० कँडी रंगात आली होती, आणि अजूनही जुनी गाडी नव्याने उभी करणारे त्या लाल आणि निळसर-हिरव्या टाकीपुढे घाम गाळतात. कँडीत रंग बेसमध्ये नसतो. खाली चांदीसारखा किंवा सोनेरी थर, त्यावर रंगीत काचेसारखा पारदर्शक थर, त्यावर क्लिअर. उजेड काचेतून आत जातो, चांदीवर आपटून पुन्हा काचेतून बाहेर येतो. म्हणून कँडीचा प्रत्येक हात रंग गडद करतो, आणि यात ‘झाकलं’ असा मुक्काम कधी येतच नाही. चौथ्या हातावर जुळत होतं आणि हातातल्या गनचा मोह आवरला नाही, तर पाचवा काढता येत नाही. पुन्हा चांदीपासून.

इथे मघाची शिडी सक्तीची. सहा-सात पायऱ्यांची करा, पूर्ण क्लिअर मारा, सुकू द्या, आणि टाकीशी लावून कितवी पायरी जुळते ते ठरवा. मग पार्टवर मोजून तेवढेच हात, त्याच गनने, त्याच दाबाने, त्याच थिनरने. दोन पट्ट्यांचा ओव्हरलॅप ५० वरून ७५ टक्क्यांवर न्या, म्हणजे पट्टे दिसत नाहीत. कडांवर गन दोनदा फिरते म्हणून कडा गडद होतात. सुरुवात आणि शेवट पार्टच्या बाहेर हवेत करा. शिडीतली एकही पायरी जुळत नसेल, सगळ्या मंद किंवा सगळ्या भगभगीत वाटत असतील, तर कँडी नव्हे, खालची चांदी चुकली आहे: दाणा जाड-बारीक झालाय किंवा चांदीची झाक वेगळी आहे.

तीन थरांचा मोतिया पांढरा याच जातीचा. तळाला पांढरा, मध्ये मोतिया, वर क्लिअर. मधले हात वाढले की तो पिवळटपणाकडे किंवा त्या मोत्याची जी झाक असेल तिकडे सरकतो. शिडी तशीच.

माझं मत विचाराल तर दहा वर्षं ऊन खाल्लेल्या कँडी टाकीशी एकटा नवा पार्ट जुळवण्याच्या नादी लागू नये. एकतर टाकीसकट सगळं एकाच बैठकीत रंगवा, नाहीतर पार्ट मुद्दाम काळा करा. अर्धवट जुळलेला कँडी काऊल ही जगातली सगळ्यात केविलवाणी गोष्ट आहे, निदान गाड्यांच्या जगातली.

क्लिअर

रंग जुळला आणि क्लिअर फसलं तरी डोळा ‘रंग वेगळा’ असंच म्हणतो. टाकी काचेसारखी आणि पार्टवर संत्र्याच्या सालीसारखा पोत असला की परतणारा उजेड विखुरतो आणि रंग फिका वाटतो. आधी पार्ट २००० च्या पाणी-पेपरने घासून बफ करा, मग बोला. क्लिअर काही वेळा स्वतः पिवळट असतं, विशेषतः स्वस्तातलं किंवा जुनं. पांढऱ्यावर आणि चांदीवर ते लगेच दिसतं. कार्डावर तेच क्लिअर मारलं असेल तर हा धक्का आधीच बसून गेलेला असतो.

मॅट गाडीचं प्रकरण वेगळं. तिथे छटेइतकीच चमकेची पातळीही जुळावी लागते, आणि मॅट क्लिअर पॉलिश करता येत नाही. हात जाड बसला किंवा मध्ये पुरेसं थांबला नाहीत तर चमक बदलते. केस अडकला, धूळ बसली, तर तो पार्ट पुन्हा.

टाकीजवळच्या पार्टला साधं हवेवर सुकणारं कॅनमधलं क्लिअर मारू नका, पेट्रोल सांडलं की ते मऊ पडून सुरकुततं. हार्डनर मिसळून मारायचं टू-के (दोन भागांचं) क्लिअरच हवं. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते छातीत गेले की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना बिचकायला लागलं की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. धुळीचा मास्क याला काहीच अडवत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क आणि खेचून नेणारा पंखा नसेल तर एवढं शेवटचं काम स्प्रे बूथवाल्याकडून करून घ्या.

एवढं करूनही फरक राहिला, तर डबा

उजेड बदलून फरक पालटत नाही, खालचा थर एकसंध आहे, गन फिरवून जेवढं सरकायचं तेवढं सरकलं, आणि कार्ड अजून एकाच दिशेला वेगळं आहे. आता टिंटिंग करा, म्हणजे टिंटर घालून छटा सरकवा. सगळ्या डब्यात नाही. १०० ग्रॅम वेगळे काढून. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा, कारण एवढ्या थोड्या रंगात गडद टिंटरचे दोन-चार थेंबही छटा ढकलतात. टिंटर त्या फॉर्म्युल्यात आधीपासून असलेलेच वापरायचे. ‘निळसर हवंय’ म्हणून फॉर्म्युल्यात नसलेला निळा घातला की कार्ड आत जुळेल आणि उन्हात पुन्हा विटकरी होईल. फिरून पहिल्याच पायरीवर याल. आधी उजळ-गडद ठीक करा, मग झाक कुठल्या बाजूला जाते ते बघा, मग भडकपणा. प्रत्येक भर लिहून ठेवा, प्रत्येक भरीनंतर नवं कार्ड, प्रायमरपासून क्लिअरपर्यंत. कंटाळवाणं आहे हे मान्य.

काळ्याला हे सगळं लागू नाही असं समजणारे भेटतात. काळा निळसर असतो, तपकिरी असतो, आणि दोन काळे शेजारी ठेवले की कळतं.

रंग मोजणारं यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, जवळ असेल तर जरूर वापरा. मेटॅलिकला अनेक कोनांतून मोजणारं हवं, एका कोनाचं आकडा देईल पण तिरक्या बाजूचं काही सांगणार नाही. ते टेकवायला सपाट जागा लागते आणि मोटरसायकलच्या टाकीवर ती शोधावी लागते. तीन-चार ठिकाणी मोजून बघा, आकडे एकमेकांशी जमत नसतील तर टेकवण्यात चूक आहे. डेल्टा-ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) एकच्या आसपास असेल तर सरावलेला डोळाच फरक पकडतो. यंत्र फॉर्म्युला सुचवतं. कार्ड तरीही मारायचंच.

आणि आता ती मघाची फट. दोन पार्ट जिथे भेटतात तिथे बोटभर अंतर, रबराची पट्टी, काळी रेघ किंवा स्टिकरचा पट्टा आला की उरलासुरला फरक दिसेनासा होतो. दोन पृष्ठभाग वेगळ्या कोनांत असतील तर आणखी सोपं, कारण उजेडच दोघांवर वेगळा पडतो. पार्टचा साचा अजून बनायचा असेल तर हा विचार तेव्हाच करा. टाकीची रेषा अखंड पुढे नेणारा काऊल दिसायला देखणा, पण रंगवणाऱ्याचा जीव काढतो.

उरलेला रंग थिनर न घालता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वर तारीख आणि व्हेरियंट लिहून. हार्डनर मिसळलेलं क्लिअर ठेवता येत नाही. कार्डही ठेवा. माझ्या त्या लाल गाडीचं कार्ड सीटखाली चिकटवलेलं आहे, चार वर्षं झाली. परवा आरशाचं कव्हर रंगवायचं निघालं म्हणून काढून टाकीला लावलं, तर टाकी थोडी उतरलेली, कार्ड जसंच्या तसं. तेव्हा टाकीचा वीतभर तुकडा घासून चमकवला आणि नवीन कार्ड करायला बसलो.